फुटबॉल संघबांधणीत तारुण्य व अनुभव यांचा समतोल : पुणे परिसरातील व्यावसायिक संघांच्या संदर्भात एक विवेचन

गोषवारा

फुटबॉल संघाची बांधणी करताना तरुण आणि अनुभवी खेळाडूंचे प्रमाण किती असावे, हा प्रश्न सामान्यतः वयाच्या सरासरीच्या आधारे सोडविला जातो. प्रस्तुत लेखात एफसी पुणे सिटी, इंडियन ॲरोज आणि हैदराबाद एफसी या तीन संघांच्या वाटचालीचा परामर्श घेऊन या दृष्टिकोनाच्या मर्यादा दाखविल्या आहेत. अनुभवी खेळाडू मैदानावर कोणत्या स्थानी खेळतात, ते संघात किती काळ टिकतात आणि तरुणांना प्रत्यक्ष किती मिनिटे खेळावयास मिळते, या तीन बाबींवर समतोल अवलंबून असतो, असे प्रतिपादन येथे केले आहे. लेखाच्या उत्तरार्धात महाविद्यालयीन संघांसाठी काही व्यवहार्य सूचना मांडल्या आहेत.

बीजसंज्ञा : संघबांधणी, फुटबॉल, समतोल, म्हाळुंगे-बालेवाडी, महाविद्यालयीन क्रीडा.

प्रास्ताविक

मुळशी तालुक्याला कुस्तीची जुनी परंपरा आहे. तालमीत वस्ताद आणि पठ्ठा यांचे नाते सर्वपरिचित आहे. वस्ताद आपल्या आयुष्यभराचा अनुभव पठ्ठ्याला देतो. परंतु प्रत्यक्ष कुस्तीच्या वेळी तो आखाड्याबाहेर उभा असतो आणि पठ्ठ्याला एकट्यालाच झुंजावे लागते. फुटबॉलची रीत याहून वेगळी आहे. येथे ३५ वर्षांचा खेळाडू आणि १९ वर्षांचा खेळाडू एकाच वेळी, एकाच मैदानावर, परस्परांवर विसंबून खेळतात. त्यामुळे अनुभवाचे संक्रमण सरावात जितके होते, त्याहून अधिक ते सामना चालू असताना होते. संघबांधणीचा प्रश्न फुटबॉलमध्ये महत्त्वाचा ठरतो तो याच कारणामुळे.

या विषयाच्या अभ्यासासाठी आपल्या परिसराइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभारलेले म्हाळुंगे-बालेवाडी येथील श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल मुळशीच्या उंबरठ्यावर आहे. याच मैदानावर पुणे एफसी, भारत एफसी आणि एफसी पुणे सिटी हे तीन व्यावसायिक संघ खेळले. त्यांपैकी पहिले दोन २०१५ मध्ये आणि तिसरा २०१९ मध्ये बंद झाला. २०१९ नंतर पुण्याचा एकही संघ इंडियन सुपर लीगमध्ये खेळलेला नाही. संघ बंद पडण्याची कारणे प्रामुख्याने आर्थिक होती, हे खरे. तथापि संघ अस्तित्वात असताना त्यांची बांधणी कशी झाली, याचा विचार आजही उपयुक्त ठरतो.

१. ‘तारुण्य’ आणि ‘अनुभव’ या संकल्पनांचा अर्थ

फुटबॉलमध्ये तारुण्य म्हणजे वेग, दमसास, दुखापतीतून लवकर सावरण्याची क्षमता आणि नवे शिकण्याची तयारी. अनुभव म्हणजे केवळ खेळलेल्या वर्षांची बेरीज नव्हे. चेंडू आपल्याकडे येण्यापूर्वीच पुढील हालचाल ओळखणे, सामन्याची गती केव्हा वाढवावी व केव्हा कमी करावी याचे भान असणे, आणि चूक झाल्यानंतर मनाचा तोल न ढळू देणे, या साऱ्यांना मिळून अनुभव म्हणता येईल.

युरोपातील प्रमुख लीगविषयीच्या अभ्यासांनुसार खेळाडूचा बहराचा काळ साधारणतः २५ ते २७ या वयात येतो. मात्र स्थानपरत्वे त्यात फरक पडतो. बगलेवरून वेगाने धावणाऱ्या खेळाडूची धार तुलनेने लवकर कमी होते. गोलरक्षक आणि मध्यवर्ती बचावपटू यांचा खेळ अंदाज व स्थानग्रहण यांवर अधिक अवलंबून असल्याने ते तिशी ओलांडल्यानंतरही उत्तम खेळू शकतात. म्हणून ‘वयस्क’ हा शब्द सर्व स्थानांना एकाच अर्थाने लावता येत नाही.

वयाची सरासरी फसवी का ठरते, हे एका साध्या गणिताने स्पष्ट होईल. सर्व ११ खेळाडू २७ वर्षांचे असतील तर संघाची सरासरी २७ येते. सहा खेळाडू २१ वर्षांचे आणि पाच खेळाडू ३४ वर्षांचे असतील तरीही सरासरी जवळपास तितकीच, म्हणजे २६.९ येते. परंतु पहिला संघ पाच-सहा वर्षांत एकदमच उताराला लागेल. दुसऱ्या संघाला पुढील एक-दोन हंगामांतच पाच जणांची जागा भरावी लागेल. कागदावर सारख्या दिसणाऱ्या या दोन संघांचे प्रश्न सर्वस्वी भिन्न आहेत.

२. केवळ तारुण्य : इंडियन ॲरोजचा प्रयोग

अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने २०१० मध्ये तरुण खेळाडूंचा एक स्वतंत्र संघ आय-लीगमध्ये उतरविला. होतकरू खेळाडूंना मोठ्या संघांच्या राखीव बाकावर बसून राहावे लागू नये, हा त्यामागील हेतू होता. २०१३ मध्ये बंद झालेला हा प्रयोग २०१७ मध्ये पुन्हा सुरू करण्यात आला. भारतात झालेल्या १७ वर्षांखालील विश्वचषकातील अनेक खेळाडू त्यात होते. त्यांतील एक कोल्हापूरचा आघाडीपटू अनिकेत जाधव. त्याची सुरुवातीची जडणघडण पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत झाली होती.

इंडियन ॲरोज २०१७-१८ च्या आय-लीगमध्ये दहा संघांत शेवटचा राहिला. २०१९-२० मध्येही त्याला तळाचेच स्थान मिळाले. पदावनतीपासून सूट असल्याने संघाचे स्थान अबाधित राहिले आणि २०२२ मध्ये हा प्रयोग थांबविण्यात आला. निकालांवरून हा प्रयोग फसला असे म्हणणे अन्यायाचे होईल. कारण मुलांना खेळण्याची संधी निश्चितच मिळाली. परंतु त्यातून एक मर्यादाही उघड झाली. सामना निसटू लागल्यावर मैदानात कोणाकडे पाहावे, हे या मुलांना कळण्याचा मार्ग नव्हता. आघाडी मिळाल्यानंतर ती कशी राखावी, हे शिकविणारा खेळाडू शेजारी नव्हता. समवयस्क परस्परांना धीर देऊ शकतात. अनुभव मात्र देऊ शकत नाहीत.

३. विकत घेतलेला अनुभव : पुणे सिटीचे पहिले तीन हंगाम

याच्या अगदी उलट टोकाला एफसी पुणे सिटीचा आरंभ होता. इंडियन सुपर लीग २०१४ मध्ये सुरू झाली तेव्हा प्रत्येक संघात एक नामांकित परदेशी खेळाडू असावा, असा संकेत होता. अशा खेळाडूस ‘मार्की खेळाडू’ म्हटले जाई. पुण्याने २०१४ मध्ये १९९८ च्या विश्वविजेत्या फ्रेंच संघातील डेव्हिड ट्रेझेगे यास आणले. तेव्हा तो ३७ वर्षांचा होता. २०१५ मध्ये ३६ वर्षांचा रुमानियन एड्रियन मुटू आला. त्याच हंगामात ३४ वर्षांचा दिदिए झोकोरा आणि ३३ वर्षांचा तुंजाय शानली हेही संघात होते. २०१६ मध्ये मोहम्मद सिसोको मार्की खेळाडू झाला.

प्रशिक्षकही दरवर्षी बदलले : २०१४ मध्ये फ्रँको कोलोम्बा, २०१५ मध्ये डेव्हिड प्लॅट, २०१६ मध्ये अँटोनियो लोपेझ हबास. आठ संघांच्या स्पर्धेत पुण्याचे स्थान अनुक्रमे सहावे, सातवे आणि सहावे राहिले.

या अपयशाचे खापर खेळाडूंच्या वयावर फोडणे योग्य नाही. २०१४ चे विजेतेपद मिळविणाऱ्या ॲटलेटिको दि कोलकाताचा मार्की खेळाडू लुईस गार्सिया हाही ३६ वर्षांचाच होता, आणि त्या संघाचा प्रशिक्षक तोच हबास होता, जो पुढे पुण्यास आला. तेव्हा वय हे निर्णायक कारण नव्हते, हे उघड आहे. पुण्याच्या बाबतीत खरी उणीव सातत्याची होती. तीन हंगामांत तीन प्रशिक्षक आणि तीन मार्की खेळाडू, म्हणजे दरवर्षी नव्याने पाया घालण्यासारखे होते. एका खेळाडूच्या सवयी ओळखीच्या होईपर्यंत तो निघून गेलेला असे.

स्पर्धेच्या रचनेनेही यास हातभार लावला. २०१४ ते २०१६ या काळात लीग ऑक्टोबर ते डिसेंबर अशा जेमतेम अडीच-तीन महिन्यांत आटोपत असे आणि प्रत्येक संघास १४ साखळी सामने मिळत. इतक्या अल्प अवधीत खेळाडू घडविण्यापेक्षा तयार खेळाडू आणणे कोणत्याही व्यवस्थापनास सोयीचे वाटणार. हंगाम लहान असला की दृष्टीही आखूड होते.

४. समतोलाची चाहूल : २०१७-१८ चा हंगाम

२०१७-१८ मध्ये लीगचा कालावधी वाढला, साखळी सामने १८ झाले आणि एका वेळी मैदानात उतरू शकणाऱ्या परदेशी खेळाडूंची मर्यादा सहावरून पाचवर आली. या बदलाचा लाभ पुणे सिटीने चांगला घेतला. सर्बियाचे रँको पोपोविच यांच्या मार्गदर्शनाखालील या संघात आघाडीवर मार्सेलिन्हो आणि एमिलियानो अल्फारो हे ऐन बहरातील परदेशी खेळाडू होते. गोव्याचा २९ वर्षांचा आदिल खान मैदानाच्या मध्यभागी होता. त्यांच्यासमवेत गोलरक्षक विशाल कैथ, बगलेवर आशिक कुरुनियन, बचावात सार्थक गोलुई व साहिल पन्वर अशी विशीच्या आसपासची मुले नियमितपणे खेळू लागली.

आशिकची घडण विशेष लक्षणीय आहे. केरळमधील मलप्पुरमचा हा मुलगा पुण्याच्या अकादमीत वाढला. पुणे एफसीने २०११ मध्ये सुरू केलेली ही अकादमी २०१५ मध्ये पुणे सिटीने आपल्याकडे घेतली होती. क्लबने त्याला २०१६ मध्ये स्पेनमधील व्हिलारेयालच्या तिसऱ्या संघाकडे प्रशिक्षणासाठी पाठविले आणि परतल्यावर त्याला मुख्य संघात खेळविले. याचाच अर्थ, अकादमी, परदेशातील अनुभव आणि मुख्य संघातील स्थान अशी पूर्ण साखळी एका खेळाडूपुरती का होईना, जुळून आली.

त्या हंगामात पुणे प्रथमच चौथे आले आणि उपांत्य फेरीत पोहोचले. मार्च २०१८ मध्ये बालेवाडीतील पहिला सामना बेंगळुरू एफसीविरुद्ध गोलशून्य बरोबरीत सुटला. परतीचा सामना पुण्याने १-३ असा गमावला. त्या सामन्यातील तिन्ही गोल ३३ वर्षांच्या सुनील छेत्रीने केले होते. अनुभवाचे मोल दाखविणारा याहून स्पष्ट दाखला हवा तरी कशाला?

या यशावर पुढचा मजला मात्र चढला नाही. २०१८-१९ मध्ये पोपोविच यांच्या जागी मिगेल आंखेल पोर्तुगाल आले. हंगामाच्या आरंभीच त्यांना जावे लागले. प्रद्युम रेड्डी यांनी हंगामी सूत्रे सांभाळली आणि नंतर फिल ब्राउन आले. संघ दहांत सातवा आला आणि २०१९ मध्ये बंद झाला.

पुण्यात उमललेले तारुण्य पुढे इतरत्र फळास आले. जानेवारी २०१९ मधील आशियाई चषकात भारताने थायलंडला ४-१ ने नमविले, तेव्हा छेत्रीच्या जोडीला आघाडीवर २१ वर्षांचा आशिक होता. २०२२-२३ मध्ये विजेत्या ठरलेल्या एटीके मोहन बागान संघात आशिक आणि विशाल कैथ दोघेही होते. सर्वोत्तम गोलरक्षकाचा मानही कैथलाच मिळाला.

५. पुण्याच्या जागी हैदराबाद

पुणे सिटीच्या जागी २०१९ मध्ये हैदराबाद एफसी हा नवा संघ लीगमध्ये दाखल झाला. प्रशिक्षक फिल ब्राउन, तसेच आदिल खान, निखिल पुजारी आदी खेळाडू पुण्याहून तेथे गेले. पहिल्याच हंगामात हा संघ अवघे १० गुण मिळवून तळाला राहिला. ऑगस्ट २०२० मध्ये स्पॅनिश प्रशिक्षक मानोलो मार्केझ आले. त्यांनी भारतीय तरुणांवर विश्वास टाकला आणि २०२०-२१ मध्ये संघ पाचव्या स्थानी आला. व्यवस्थापनाने प्रशिक्षक बदलला नाही, ही येथील सर्वांत महत्त्वाची घटना होय. पुढच्याच वर्षी, २० मार्च २०२२ रोजी, गोव्यातील फातोर्डा येथे केरळ ब्लास्टर्सला पेनल्टी शूटआउटमध्ये ३-१ ने हरवून हैदराबाद विजेता ठरला.

या संघाची रचना बारकाईने पाहण्यासारखी आहे. गोलरक्षक लक्ष्मीकांत कट्टीमणी ३२ वर्षांचा, मध्यवर्ती बचावपटू हुआनान ३४, कर्णधार व मध्यरक्षक जुआव व्हिक्टर ३३ आणि आघाडीवरील बार्थोलोम्यू ओगबेचे ३७ वर्षांचा होता. गोलपासून गोलपर्यंत मैदानाच्या मध्यातून जाणारी रेषा, ज्याला संघाचा कणा म्हणता येईल, ती अनुभवी खेळाडूंच्या हाती होती. या कण्याच्या दोन्ही बाजूंस, जेथे धावपळ अधिक, तेथे तरुण होते : डाव्या बचावफळीत २० वर्षांचा आकाश मिश्रा, उजवीकडे २३ वर्षांचा आशिष राय. ओगबेचेने त्या हंगामात १८ गोल केले. तो फारसा धावत नसे; त्याच्या वाट्याचे धावणे तरुण धावत आणि त्यांनी आणलेल्या चेंडूचे सोने तो करीत असे. अंतिम सामन्याच्या शूटआउटमध्ये कट्टीमणीने तीन फटके अडविले.

येथे एक बाब आवर्जून नमूद करावयास हवी. आकाश मिश्रा हा पूर्वी इंडियन ॲरोजचा खेळाडू होता आणि अनिकेत जाधवही २०२१-२२ मध्ये हैदराबादच्या विजेत्या चमूत होता. जी मुले समवयस्कांत खेळताना तळाला राहिली, त्यांच्यापैकीच काही जण अनुभवी खेळाडूंच्या सान्निध्यात विजेती ठरली.

अशीच रचना अन्यत्रही आढळते. १९९५-९६ च्या हंगामातील पहिल्याच सामन्यात मँचेस्टर युनायटेड ॲस्टन व्हिलाकडून १-३ ने हरला, तेव्हा पोरांच्या बळावर काही जिंकता येत नाही, असा शेरा समालोचक ॲलन हॅन्सन यांनी मारला होता. त्याच संघाने त्या वर्षी लीग आणि एफए चषक दोन्ही जिंकले. बेकहॅम, स्कोल्स, बट आणि नेव्हिल बंधू यांचे नाव त्यामुळे गाजले. परंतु गोलमध्ये श्मायकेल, बचावात ब्रूस व पॅलिस्टर आणि आघाडीवर कँटोना असा अनुभवी कणा तेथेही होता, याचे विस्मरण होता कामा नये.

समतोल एकदा साधला म्हणजे तो कायम राहतो असेही नाही. हैदराबाद २०२२-२३ मध्ये साखळीत दुसरा आला. त्यानंतर मार्केझ गेले, आर्थिक अडचणी वाढल्या, खेळाडू पांगले आणि २०२३-२४ मध्ये तोच संघ पुन्हा तळाला गेला. संघरचना कितीही विचारपूर्वक केलेली असो, तिच्याखालील संस्था डळमळीत झाली की समतोलही ढळतो.

६. विवेचनातून निघणारी सूत्रे

वरील उदाहरणांवरून पुढील तीन सूत्रे मांडता येतील.

पहिले सूत्र स्थानाचे. अनुभव संघभर सारखा वाटण्याऐवजी तो मैदानाच्या कण्यात ठेवावा, म्हणजे एक अनुभवी खेळाडू एकाच वेळी दोन-तीन तरुणांना हाताळू शकतो.

दुसरे सूत्र काळाचे. एका हंगामासाठी आलेला ज्येष्ठ खेळाडू गोल देऊन जाईल. शिकवण देऊन जाण्यास त्याला किमान दोन हंगाम लागतात. प्रशिक्षकाच्या बाबतीत हे अधिकच खरे आहे.

तिसरे सूत्र मिनिटांचे. चमूत तरुणांची नावे असणे आणि ते खेळणे यांत महदंतर आहे. एका सामन्यात एका संघाला ११ खेळाडूंची प्रत्येकी ९० अशी एकूण ९९० मिनिटे उपलब्ध असतात. पाच बदली खेळाडूंची तरतूद २०२२ मध्ये फुटबॉलच्या नियमांत कायम झाली. ६० व्या मिनिटास पाच तरुण मैदानात आणले तर त्यांना मिळून १५० मिनिटे मिळतात. पूर्वीच्या तीन बदलांत ती ९० च होती. नियमाने दिलेली ही सवड वापरावयाची की नाही, हे प्रशिक्षकाच्या हाती असते.

७. महाविद्यालयीन संघांच्या दृष्टीने

हे सारे व्यावसायिक संघांचे झाले. महाविद्यालयांशी त्याचा संबंध काय, असा प्रश्न उपस्थित होऊ शकतो. वास्तविक हा प्रश्न महाविद्यालयीन संघांना अधिक तीव्रतेने भेडसावतो. व्यावसायिक संघ अनुभवी खेळाडूस राखू शकतो. महाविद्यालयाला त्याला पदवी देऊन निरोप द्यावा लागतो. दर तीन-चार वर्षांनी संपूर्ण संघ नवा होतो. ज्या वर्षी अंतिम वर्षाचे विद्यार्थी भरपूर, त्या वर्षी करंडक येतो. पुढच्या वर्षी पहिल्याच फेरीत पराभव होतो. लवळे, पिरंगुट, पौड या पट्ट्यातील महाविद्यालयांना क्रीडा संकुलाचे सान्निध्य लाभले असले, तरी या चक्रातून केवळ मैदान जवळ असल्याने सुटका होत नाही.

यासाठी शारीरिक शिक्षण संचालकांना पुढील उपाय योजता येतील. चमू निवडताना वयाऐवजी प्रत्येक विद्यार्थ्याची शिल्लक वर्षे लिहून काढावीत आणि कोणत्याही एका वर्षाचे विद्यार्थी निम्म्याहून अधिक होणार नाहीत, याची दक्षता घ्यावी. गोलरक्षक, मध्यवर्ती बचावपटू व मध्यरक्षक या स्थानांसाठी अंतिम वर्षाच्या खेळाडूमागे कनिष्ठ वर्षाचा उत्तराधिकारी आधीच निश्चित करून दोघांचा सराव जोडीने घ्यावा. कर्णधार अंतिम वर्षाचा असल्यास उपकर्णधार कनिष्ठ वर्षाचा असावा. प्रत्येक सामन्यातील खेळाडूनिहाय मिनिटांची नोंदवही ठेवावी. हजेरीपटाइतकेच तिला महत्त्व द्यावे. माजी विद्यार्थ्यांना सत्कारापुरते न बोलाविता सरावसामन्यांत प्रत्यक्ष खेळण्यास पाचारण करावे. या उपायांना निधीची गरज जवळजवळ नाही. नियोजनाची मात्र आहे.

यात एक किंमतही मोजावी लागते, हे मान्य केले पाहिजे. प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यास उपांत्य सामन्यात उतरविल्यास तो सामना हातचा जाऊ शकतो. अंतिम वर्षाच्या ज्या विद्यार्थ्यास त्यासाठी बसविले जाते, त्याची ती शेवटची संधी असते. या निर्णयाचे ओझे कोणतेही सूत्र हलके करू शकत नाही. ते प्रशिक्षकाने समजून-उमजून उचलावे लागते आणि बसविलेल्या विद्यार्थ्यास त्याचे कारण समोरासमोर सांगावे लागते.

निष्कर्ष

तरुण आणि अनुभवी यांचे कोणतेही एक ठरावीक प्रमाण यशाची हमी देत नाही. अनुभव योग्य स्थानी असावा, तो पुरेसा काळ टिकावा आणि त्याच्या सहवासात तरुणांना प्रत्यक्ष खेळावयास मिळावे, या तीन अटी पूर्ण झाल्या तरच समतोल साधतो. पुणे सिटीला या अटी केवळ एका हंगामात, तेही अंशतः, पूर्ण करता आल्या. हैदराबादने त्या दोन-तीन हंगाम पाळल्या आणि विजेतेपद मिळविले. या अटी पाळण्यासाठी संस्था टिकून राहणे ही पूर्वअट आहे. व्यावसायिक संघ आले आणि गेले. महाविद्यालये मात्र दरवर्षी नवे विद्यार्थी घेऊन उभी राहतात. या परिसरातील फुटबॉलला सातत्य देण्याची क्षमता आज त्यांच्याच ठायी आहे. त्या सातत्याचा आरंभ मिनिटांच्या एका साध्या नोंदवहीपासून करता येईल.